गाडीला चाकं आहेत तोवर

बंद पडणे हा गाडीचा मूळ स्वभाव आहे आणि चालणे हा तिला मधूनमधून येणारा झटका आहे, असे मनापासून मानणारा एकच माणूस मी माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिला. मुलांनो, तुम्ही दोघे त्यांना ओळखत नाही. तुम्ही सुट्टीत लोणावळ्याला यायचात तेव्हा आपली गाडी धडधाकट होती, आणि गाडी धडधाकट असलेल्या माणसांशी भाऊंचा फारसा संबंध येत नाही. कान्हे गावात त्यांचे घर आहे, घरामागे भाताची खाचरे आहेत आणि दारात एक निळी पिकअप. ट्रकपेक्षा लहान आणि जीपपेक्षा मोठी. जुन्या हायवेवर खंडाळ्यापासून तळेगावापर्यंत कोणाचीही गाडी थांबली की लोक आधी यांना फोन करतात आणि मेकॅनिकला मग. बंद गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याला इकडे टोचन म्हणतात. हे काम भाऊ तीस-पस्तीस वर्षे करत आहेत, आणि इतक्या निष्ठेने, की रस्त्यावरून सुरळीत जाणारी नवी कोरी गाडी दिसली तरी ते तिच्याकडे कणवेने बघून म्हणतात, "आज चालतीया बिचारी."

माणसे त्यांना नावाने लक्षात राहत नाहीत, बिघाडाने राहतात. बाजारात एकदा त्यांनी एका प्रतिष्ठित डॉक्टरांशी माझी ओळख करून दिली ती अशी : "हे क्लचप्लेट. आणि या टीचर, बॅटरी. दोनदा." डॉक्टरांनी हात जोडले, मीही जोडले. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. मला ते टीचर म्हणतात, कारण त्यांची मुलगी आमच्या शाळेत होती आणि मी तिला गणित शिकवत असे. सहावीत मी तिला सहामाहीला नापास केले होते. ती आता बँकेत आहे आणि तिथे आकडेमोडीत तिचा हात कोणी धरत नाही, ही बातमी भाऊ मला भेटतील तेव्हा नव्याने देतात.

त्यांच्या धंद्याची तत्त्वे आमच्या शाळेच्या नियमावलीपेक्षा कडक आहेत. ते गाडी दोराने ओढत नाहीत. शेतातल्या जुन्या पंपाचा पाईप कापून, दोन्ही टोकांना कड्या जोडून त्यांनी स्वतः एक लोखंडी दांडा केला आहे. तो त्यांचा दांडा. "दोर ढिला पडतो, मग हिसका देतो. निम्मं आयुष्य ढिलं आन् निम्मं हिसक्यात. दांडा सरळ ऱ्हातो." त्यांची पिकअप कधीच तिशीच्या वर जात नाही. मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकतात; भाऊ खिडकीतून हात काढून त्यांना आशीर्वाद दिल्यासारखे पुढे जायला सांगतात. आणि ज्याची गाडी त्यानेच मागे बसून स्टेअरिंग धरायचे, हा नियम तर अगदी अटळ. मग तो मालक नव्वद वर्षांचा असो की नवरदेव असो. नवरदेवाची गोष्ट खरी आहे. मळवलीच्या एका लग्नात नवरदेव स्वतःच्याच फुलांनी सजवलेल्या गाडीचे स्टेअरिंग धरून, मुंडावळ्या सावरत, पिकअपमागून मांडवात पोहोचला होता. वऱ्हाडी म्हणतात, इतक्या सावकाश आणि इतक्या सरळ रेषेत आलेला नवरदेव त्यांनी कधी पाहिला नव्हता.

हल्ली बंद गाड्या अख्ख्या पाठीवर चढवून नेणारे सपाट ट्रक आले आहेत. ही सोय मला फार समंजस वाटते, पण भाऊंसमोर तिचे नाव काढण्याची सोय नाही. मी एकदाच काढले. ते म्हणाले, "टीचर, गाडीला चाकं हायत तवर तिला उचलायची न्हाई. उचलून नेत्यात ते मढं."

हे संभाषण झाले ते गेल्या वर्षी, लोणावळ्यातले, तुंगार्लीचे आपले घर विकल्यानंतर. त्या घराबद्दल मी तुम्हाला फोनवर फार बोलले नाही. चाळीस वर्षांचे घर रिकामे करणे म्हणजे दिवसातून शंभर वेळा एकाच प्रश्नाचे उत्तर देणे : ठेवायचे की टाकायचे? पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचार करत होते. तिसऱ्या महिन्यात मी विचार न करता टाकत होते, आणि कधी कधी विचार न करता ठेवतही होते, म्हणून पुण्याच्या या दोन खोल्यांत आज पाच गाळण्या आहेत. एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. तुम्ही दोघांनी फोनवर सांगितले होते, "आजी, काहीही दे, पण आजोबांची गाडी देऊ नकोस. आम्ही येऊ तेव्हा ती हवी." आजोबा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, ती बदामी गाडी आपल्या गॅरेजात जागची हलली नव्हती. इकडच्या सोसायटीत बंद गाडी ठेवू देत नाहीत. नव्या मालकांनी सभ्यपणे, पण दोनदा सांगितले, की महिनाअखेरीला गॅरेज मोकळे झाले नाही तर ते भंगारवाल्याला बोलावतील. मग माझी धाकटी बहीण म्हणाली, कऱ्हाडजवळ आमच्या गावी शेड आहे, तिथे आणून ठेव. बोलणे सोपे होते. तुंगार्लीहून ते गाव सव्वादोनशे किलोमीटर आहे, वाटेत खंबाटकीचा घाट आहे, आणि गाडीला चाकांखेरीज चालण्यासारखे काही उरलेले नव्हते.

भाऊ आले. त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. गाडीला काय झाले आहे, हे ते कधीच विचारत नाहीत. "किती दिस हुबी हाय?" एवढेच विचारले. मी सहा वर्षे म्हटल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, ताप बघतात तसा. मग खाली सरपटत जाऊन पुढचा हूक बघितला, ब्रेकचे तेल भरले, दोन टायर स्वतःच्या घरून आणून बदलले. मी तोवर एका कागदावर प्रवासाची यादी केली होती. औषधे, पाणी, गाडीची कागदपत्रे, बहिणीचा नंबर, गियर, हँडब्रेक, अशा एकोणीस बाबी. ती मी डॅशबोर्डवर चिकटवली. भाऊंनी ती लांबून वाचली आणि म्हणाले, "ब्येस. हिच्यात नारळ ऱ्हायला."

नारळ फोडला तो बंद गाडीपुढे. पिकअपला नुसते हळदकुंकू. मागे लाल कपडा बांधला, दांडा अडकवला, आणि सकाळी सहाला, सूर्य डोंगराच्या वर यायच्या आत, मी माझ्या नवऱ्याच्या जागेवर बसून, त्याचे स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, माझ्याच घराच्या फाटकातून मागे न बघता बाहेर पडले. मागे न बघण्याचे कारण काही काव्यात्म नव्हते. फाटकापुढे उतार आहे आणि वळण आहे.

टोचनच्या गाडीत बसणे ही काय चीज आहे, हे ज्याने केले नाही त्याला सांगता येणार नाही. इंजिनाचा आवाज नाही, पंखा नाही, करायला काम नाही, आणि तरी लक्ष काढून घ्यायची सोय नाही. समोर तास न् तास फक्त पिकअपची मागची फळी. तिच्यावर 'आईचा आशीर्वाद' असे लिहिलेले आहे आणि त्यातल्या आईच्या वरचा रंग थोडा उडाला आहे, हे मी आता झोपेतही सांगू शकते. अशा वेळी मागच्या माणसाला झोप लागते, असा भाऊंचा अनुभव. त्यावर त्यांचा उपाय असा, की निघाल्यापासून पोहोचेपर्यंत फोन चालू ठेवायचा. त्यांचा शर्टाच्या खिशात, माझा सीटवर, दोन्हींचा आवाज मोठा. तळेगाव येईपर्यंत मला रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांचे मालक, त्यांचे भाऊबंद आणि कोणत्या बांधावरून कोण कोणाशी बोलत नाही हे सगळे कळले.

"भाऊ, पुढे बघा."

"पुढंच बगतुया. टीचर, जागं हाय ना?"

"जागी आहे."

"मग सत्तावीसचा पाढा म्हणा."

मुलांनो, मी इंग्रजी शाळेत शिकले. आम्हाला पाढे बारापर्यंत होते, तेही 'ट्वेल्व्ह ट्वेल्व्हज' असे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवले आणि एकाही मुलाने मला सत्तावीसचा पाढा विचारला नाही. भाऊंना तिसापर्यंत सगळे येतात. ते खाचरात चिखलणी करताना म्हणत असत. मी मनातल्या मनात गुणाकार करत पुढे सरकत होते आणि फोनमधून तपासणी चालू होती.

"सत्तावीस चोक?"

"एकशे आठ."

"आठोदरसे म्हणा. एकशे आठ म्हंजी अँब्युलन्स."

त्यांची आणखी एक शिस्त होती. कुठेही थांबून पुन्हा निघायच्या आधी ते फोनवरून तीन प्रश्न विचारत. "गियर?" मी म्हणायचे, "न्यूट्रल." "हँडब्रेक?" "खाली." आणि तिसरा, "मन?" पहिल्या वेळी मला कळेना काय उत्तर द्यावे. ते म्हणाले, "ठिकाणावर म्हणायचं." मी म्हणाले, "ठिकाणावर." मग पिकअप हलली.

थांबे फार होते. पिकअपच्या मागे वजन पाहिजे, नाहीतर ओढलेली गाडीच पिकअपला हलवते, म्हणून त्यांनी हौद्यात घरच्या इंद्रायणी तांदळाची पोती घातली होती. पण रिकामे वजन न्यायचे कशाला, म्हणून ती पोती वाटेतल्या नातेवाइकांसाठी होती. वडगावला मेहुणा, खेड शिवापूरला भाचा, शिरवळला मावसभाऊ. प्रत्येक ठिकाणी एक पोते उतरायचे, चहा व्हायचा, आणि मग पोत्याइतके वजन पुन्हा चढवायला भाऊ रस्त्याकडेचे दगड गोळा करायचे. शिरवळपर्यंत सगळा तांदूळ संपून हौदा दगडांनी भरला होता. मावसभावाने विचारले, "दादा, घर बांधतोयास का?" भाऊ म्हणाले, "टीचरांच्या गाडीला माहेरी पोचवतोय. मोकळ्या हातानं कसं जायाचं?" दर थांब्याला मी उतरायचे, चहा घ्यायचे, कोणाकोणाच्या सुनांना माझे वय सांगायचे आणि पुन्हा चढायचे. दुपारचे ऊन गाडीत साचले होते. खांदे असे दुखत होते, की केस सारखे करायला हात वर जाईना. गेल्या तीन महिन्यांची सगळी खोकी जणू मी त्या दिवशीच उचलली होती.

शिरवळहून निघताना भाऊंनी मला सत्तावीस सत्ते विचारले होते आणि मी अडकले होते. तेवढ्यात नेहमीचे प्रश्न आले. गियर? न्यूट्रल. हँडब्रेक? खाली. मन? ठिकाणावर. मुलांनो, वर्गात हजेरी घेताना खिडकीबाहेर बघत 'प्रेझेंट टीचर' म्हणणारी मुले मी हजारांनी पाहिली आहेत. त्या मुलांच्या त्या आवाजात मी भाऊंना उत्तरे दिली. डोक्यात सत्तावीस सत्तेच चालले होते. हँडब्रेक मी खाली ढकलला होता, पण पुरता नाही. दुखत्या हाताने जेवढा गेला तेवढा. दोन दाते वरच राहिला.

खंबाटकीचा चढ लागला आणि फोनमध्ये भाऊ म्हणाले, "आज जड का लागतीया ही?" मला वाटले, दगडांमुळे. मी तसे म्हणालेही. आणखी दोन वळणे झाली. मग वास आला, इस्त्री कपड्यावर विसरल्यावर येतो तसा, पण कडवट. आरशात बघितले तर मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता. मी ओरडायच्या आत भाऊंनी पिकअप कडेच्या मोकळ्या जागेत घेतली. उतरून आले, चाकाजवळ वाकले, मग माझ्या खिडकीतून आत, सीटच्या मधल्या त्या दांडीकडे पाहिले. मीही पाहिले. यादीवर हँडब्रेक अकरावा होता, माझ्याच अक्षरात.

 सकाळपासून पहिल्यांदाच भाऊ गप्प होते, आणि आमचे दोन्ही फोन चालूच असल्यामुळे ती शांतता मला दोनदा ऐकू येत होती.

घाटात बंद पडणाऱ्या गाड्यांसाठी एक क्रेनवाला तिथे पुढे उभाच होता. तो आला. तिशीचा, गळ्यात रुमाल. त्याने चाकाला बोट लावून झटकन मागे घेतले. "ड्रम धरलाय, बाबा. आता ही फिरायची न्हाई." मग गाडीभोवती एक फेरी मारून माझ्याकडे वळला. "आजी, हिला पुढं नेऊन करणार काय? इंजिन न्हाई, ब्रेक जाळला. घाटाखाली माझ्या वळखीचा भंगारवाला हाय. उचलतो आन् टाकतो. तुमी यष्टीनं जावा निवांत."

तुम्हाला खरे सांगते. मी हो म्हणाले. मला राग आला नव्हता, रडूही आले नव्हते; फक्त आणखी एका वस्तूबद्दल ठेवायचे की टाकायचे हे ठरवण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती, आणि कोणीतरी ते माझ्यासाठी ठरवून देत होते. मी म्हणाले, "नेऊ दे भाऊ त्याला. पुरे झाले. चूक माझीच आहे."

"पोरांना इच्यारलं का?"

"पोरे साता समुद्रापलीकडे आहेत. तिकडे आत्ता झोपली असतील."

"मग उठंस्तवर थांबू. गाडी त्यांची हाय ना? दुसऱ्याच्या गाडीवर तुमी कसं काय हो म्हणताय, टीचर? वर्गात कुणी दुसऱ्याची पाटी दिली आसती तर तुमी काय केलं आसतं?"

"उभे केले असते."

"मग हुबं ऱ्हावा. सावलीत."

आणि मला त्यांनी खरेच एका झाडाखाली उभे केले. मग पिकअपमधली घोंगडी अंथरून बसवले. क्रेनवाल्याने पाण्याची बाटली उघडून चाकाकडे नेली तशी भाऊ गरजले, "ए, पानी न्हाई! तापल्या लोखंडावर पानी घालतो का? तडकंल की. बायकू तापल्यावर घालतोस का पानी?"

"न्हाई," क्रेनवाला म्हणाला. "भाईर जाऊन बसतो."

"मग हितं बी बस."

तो बसला. तासभर ते दोघे चाकासमोर, लग्न लागायची वाट बघत असल्यासारखे, मांडी घालून बसले होते. मधे एकदा क्रेनवाल्याने विचारले, "बाबा, वय काय तुमचं?" भाऊ म्हणाले, "क्रेननं उचलण्यायेवढं झालं न्हाई आजून." चाक निवल्यावर भाऊ गाडीखाली शिरले. चौसष्ट वर्षांचा माणूस, घाटातल्या खडीवर पाठीवर झोपून, फक्त चपला बाहेर. आतून पाना मागत होते आणि तो क्रेनवाला, जो थोड्या वेळापूर्वी गाडी भंगारात घालणार होता, मुकाट्याने आकडे वाचून पाने देत होता. बऱ्याच वेळाने एक खट् आवाज झाला. भाऊंनी हातोड्याने ड्रमला चहूबाजूंनी हलके ठोकले, मग दोघांनी मिळून गाडी पुढे रेटली. चाक कुरकुरले, अडले आणि फिरले.

भाऊ बाहेर आले ते हातात हँडब्रेकची तार घेऊनच. ती त्यांनी गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. "काडूनच टाकला. आता इसरायचा प्रश्नच न्हाई." त्यानंतर कऱ्हाडपर्यंत प्रत्येक थांब्याला चाकाखाली लावायला हौद्यातले दगड होतेच. निघताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मन कुठे आहे, हे मात्र पुन्हा दोनदा विचारले. पाढा बंद केला. त्याऐवजी साताऱ्यापर्यंत त्यांनी मला आजोबांबद्दल विचारले. गाडी ते कशी चालवत, गियर टाकताना आवाज करत का, रस्ता चुकले तर कबूल करत का. मी सांगत गेले. आजोबांनी रस्ता चुकल्याचे एकदाही कबूल केले नाही, हे सांगताना मला हसू आले. उंब्रजजवळ मी त्यांना विचारले, "भाऊ, ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला, "ऐकतुया. तुमी बोला. जागं ऱ्हाया मलाबी लागतं."

दिवेलागणीच्या आत आम्ही गावात पोहोचलो. माझा मेहुणा शिस्तीचा माणूस, निवृत्त इंजिनियर. तो टॉर्च घेऊन शेडच्या दारात उभाच होता. त्याने गाडीभोवती फिरून पाहणी केली आणि काळवंडलेल्या चाकापाशी थांबला. "हे काय झाले? हँडब्रेक वर ठेवून ओढलीत?" त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले.

"माझ्याकडनं ऱ्हायला साहेब," भाऊ म्हणाले. "शिरवळला मीच वडला व्हता. वय झालं, ध्यानात ऱ्हात न्हाई."

मेहुण्याने त्यांना दहा मिनिटे सुरक्षिततेवर व्याख्यान दिले. तीस-पस्तीस वर्षांत ज्यांनी अर्धे मावळ ओढून घरी पोचवले, ते भाऊ दोन्ही हात पुढे बांधून, सहावीतल्या मुलासारखे, मान डोलावत उभे होते. आणि मी, जिने खोटे बोलण्यासाठी कित्येक मुलांना वर्गाबाहेर काढले, गप्प राहिले. मुलांनो, आता हे लिहून टाकले. तुमच्या मावसआजोबांना तुम्हीच सांगा. मला अजून धीर होत नाही.

भाऊ जेवले, पण घरात झोपले नाहीत. पिकअपमध्येच, दगड उतरवून झालेल्या हौद्यात, ताडपत्रीवर आडवे झाले. सकाळी मी उठले तेव्हा अंगणात दगडांची नीट रचलेली रास होती आणि पिकअप गेलेली होती.

त्यानंतर मी पुण्याला राहायला आले. एकटीच्या दोन खोल्या लावायला फार वेळ लागत नाही, तरी मी तो लावला. भाऊंचा फोन येत नव्हता आणि माझी बॅटरी आता नव्हतीच, त्यामुळे मीही करत नव्हते. गेल्या महिन्यात बहिणीशी बोलत होते तेव्हा ती सहज म्हणाली, "तुझे ते पिकअपवाले परवा येऊन गेले." मी विचारले, कशाला? ती म्हणाली, "कशाला म्हणजे? नेहमीसारखेच. तुला माहीत नाही? साताऱ्याकडचे काही काम निघाले की वाट वाकडी करून येतात. चहासुद्धा घेत नाहीत. शेडमध्ये जातात, चाकांत हवा भरतात, गाडी हातभर ढकलतात आणि जातात."

मी भाऊंना फोन लावला. पलीकडे रस्त्याचा आवाज होता. कोणाची तरी गाडी ओढत असणार.

"भाऊ, तुम्ही कऱ्हाडला जाता हे मला सांगितले नाहीत."

"त्येच्यात सांगण्यासारखं काय हाय? एका जागी हुबी ऱ्हायली की टायर खालनं चपटं व्हत्यात, टीचर. मग चाक गोल ऱ्हात न्हाई. पोरं येतील, बसतील, आन् गाडी नुसती धाडधाड उडंल." मग मागच्या कोणाला तरी जागे आहात का असे ओरडून विचारून, त्यांनी मला विचारले, "कवा येनार हायत पोरं?"

मी म्हणाले, "येतील."

"येऊ द्या सावकाश," भाऊ म्हणाले. "शेड ल्हान हाय, म्हणून एका खेपंला पुढं ढकलतो आन् दुसऱ्या खेपंला मागं. परवा पुढं घेतलीया."